चार पूज्यांची लोकर

दिवाडीच्या कपेलातली कबुलीची जाळी
तीन रंगांखाली बुजली होती.
वर निळा, मधे लोण्याचा,
अगदी तळाला पोपटी, कुणी लावला देव जाणे.
भोकं मोजली मी. एकशे बारा.
त्यांतली एकोणीस उघडी.
फादर कायतान म्हणाले, दहा वर्षं झाली,
लोक सांगतात आणि मला निम्मंच ऐकू येतं.
मग थोडं थांबून : निम्मं पुरतं.

गोकुळदासमामाने औषध फासलं.
रंग फुगला, सुरकुतला,
पट्टीने सालटासारखा निघाला.
तरी भोकांच्या कडांत तो राहिलाच,
नखांत कणीक राहते तसा.

तिथे पट्टी पोचत नाही, कानस बोचते.
तिथे लागते लोखंडी लोकर.
मामाने पिशवीतून गुंडा काढला :
राखाडी, हलका,
मांजराने ओकलेल्या केसांसारखा.
पुडक्यावर चार शून्यं.
मामा शून्याला अजून पूज्य म्हणतो.
'पूज्यं वाढली की लोकर मऊ होते.
माणसाचं उलट.'
आणि फादरांकडे न बघता हसला.

वाती वळतात तशी ती मी मांडीवर वळली,
थुंकी न लावता,
आणि एकेका भोकात घातली.
आत, फादरांच्या जागी, मी.
बाहेर, गुडघे टेकायच्या फळीवर, मामा.
तो तिकडून ओढायचा, मी इकडून.
निळा भुगा ओच्यात पडत राहिला.
आधी त्याच्या तपकिरीचा वास आला,
मग चष्मा, तुकड्यातुकड्याने.
'रेषेबरोबर घास. आडवं नको.
आणि कोरडंच. लोखंड आहे ते,
इथे नदीकाठी हवासुद्धा ओली.'

संध्याकाळी तो फेरीची वेळ विचारायला गेला
आणि रेषांतला भुगा काही केल्या निघेना.
मी ओलं फडकं फिरवलं.
एकदाच.
लाकूड असं पिवळं उमललं,
नुकत्या कापलेल्या फणसासारखं
(फणसाचंच होतं)
की मी आणखी एकदा फिरवलं.

सकाळी जाळीवर काळे ठिपके.
भोकांभोवती, रेषारेषांत,
शाईचं पेन झटकल्यासारखे.
लोकरीचे तुटके केस रातोरात गंजले
आणि फणसाने तो गंज पिऊन शाई केली.
मामाने पाहिलं. तपकीर ओढली.
'कौलातून गळलं असेल,' मी म्हणाले.
फेब्रुवारी होता.
'असेल,' मामा म्हणाला.

पुन्हा आपापल्या जागी बसलो.
एकशे बारा भोकं, सगळी उघडी,
शब्द अडकायला कुठेच जागा नाही.
'पाणी मी मारलं.'
पलीकडे चष्मा हलला नाही.
मग : 'फडकं पिळलं होतंस?'
'नाही.'
'हं.'
बऱ्याच वेळाने :
'मागच्या परसात बिंबलीचं झाड आहे.
ओंजळभर आण.'

बिंबलं चिरून आम्ही ठिपक्यांवर घासली.
रस बोटांच्या चिरांत झोंबला,
नुसत्या वासाने दात आंबले.
काळ्याचं करडं झालं, मग बहुतेक गेलं.
शेवटी मामाने स्वतःच फडकं भिजवलं,
कडकडीत पिळलं, पुसलं,
आणि लगेच कोरड्याने पुन्हा पुसलं.
सातव्या ओळीत एक ठिपका राहिला, तिळाएवढा.
फादर म्हणाले, असू दे,
कान कुठे लावायचा ते कळेल.

निघताना मामाने मोडक्या रेडिओतला चुंबक
फडक्यात गुंडाळून फरशीवर फिरवला.
त्याला राखाडी मिशा फुटल्या.
'हे राहिलं तर पावसाळ्यात
फरशीसुद्धा बोलायला लागेल.'
मिशा झटकून चुंबक माझ्याकडे दिला.

फेरीबोटीत मी कठड्याला टेकून उभी होते.
पलीकडचा धक्का आला, फळी पडली,
स्कूटरवाले घाईने सुटले
आणि मला निघता येईना :
खिशातून तो कठड्याला धरून बसला होता.
मामा पिशवी घेऊन पुढे चढून गेला.
मी ओढत होते.